शांततेच्या अभ्यासाला पुण्याचा पैसा

पिनाका रॉकेटचे काम पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन प्रयोगशाळेत झाले. लष्करी पूल दिघीत आखले जातात, दारूगोळा खडकीत बनतो, तिन्ही दलांचे भावी अधिकारी खडकवासल्याला घडतात आणि दक्षिण कमांडचे मुख्यालय १८९५पासून कॅम्पात आहे. शस्त्र बनवणारा, ते चालवणारा आणि त्याचा हुकूम देणारा असे तिघेही इतक्या जवळ सापडतील अशी शहरे देशात मोजकीच. पण शस्त्र चुकून सुटले तर पुढच्या तासाभरात कोणी कोणाला फोन करायचा, शेजारी देशाशी कोणत्या गोष्टी आधीच लिहून ठेवायच्या, यात वर्षानुवर्षे डोके घालणाऱ्या अभ्यासकाला सरकारबाहेरून भरवशाचा पगार मिळावा, अशी भक्कम सोय या शहराने अजून केलेली नाही.

संस्था नाहीत असे नव्हे. विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज १९९२पासून काम करते आहे, पुणे इंटरनॅशनल सेंटर राष्ट्रीय सुरक्षेवर चर्चा घडवते. निवृत्त सेनाधिकारी आणि शास्त्रज्ञ तर कोथरूड-बाणेरच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत भेटतील. उणीव आहे ती एका विशिष्ट प्रकारच्या पैशाची. तो पैसा इथला हवा, दरवर्षी नव्याने मागावा लागू नये आणि देणाऱ्याने निष्कर्षात हात घालू नये. असा निधी उभा करणे हे पुण्यातील उद्योजकांचे काम आहे आणि ते त्यांनी आता हाती घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक शांतता आणि सुरक्षेवर काम करणारी खासगी प्रतिष्ठाने नेमके करतात काय, याबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे ती कबुतरे उडवतात. दुसरा, ती कोणाची तरी हेरगिरी करतात. प्रत्यक्षातले काम बरेच रुक्ष असते. बेलग्रेडजवळच्या व्हिंचा येथील संशोधन संस्थेचे प्रकरण पाहा. तिथल्या जुन्या अणुभट्टीचे ४८ किलो उच्च समृद्ध युरेनियम पडून होते, दोनेक अणुबाँबना पुरेल एवढे. अमेरिका ते हलवायला तयार होती, रशिया परत घ्यायला तयार होता. युगोस्लाव्हियाची अट एकच होती: तलावात गंजत पडलेल्या वापरलेल्या इंधनाचीही विल्हेवाट लावून द्या. अमेरिकी सरकारला बाँबयोग्य युरेनियम हलवण्यावर खर्च करता येत होता, पण परदेशातल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या साफसफाईवर नाही. एवढ्या एका नियमावर घोडे अडले. टेड टर्नर आणि माजी सिनेटर सॅम नन यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्हने साफसफाईसाठी ५० लाख डॉलर देऊ केले आणि ऑगस्ट २००२मध्ये ते युरेनियम विमानाने रशियातील दिमित्रोवग्रादला गेले. सरकारांकडे विमान होते, पहारा होता, मुत्सद्दी होते. नव्हती ती फक्त त्या एका कामावर खर्च करण्याची मुभा.

याच संस्थेमार्फत वॉरन बफे यांनी २००६मध्ये आंतरराष्ट्रीय अणुइंधन पेढीसाठी, म्हणजे अणुभट्ट्यांच्या इंधनाच्या राखीव साठ्यासाठी, ५ कोटी डॉलर देऊ केले. अट अशी की इतर देशांनी १० कोटी उभे करावेत. पैसे जमले, पेढी कझाकस्तानात बांधली गेली आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तिथे इंधन पोहोचले. मधली १३ वर्षे लक्षात ठेवावीत. या क्षेत्रातला पैसा किती धीराचा लागतो ते त्यावरून कळते.

दुसरे काम म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते करून दाखवणे. १९८६मध्ये नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकेतील बिगरसरकारी संस्थेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट करार केला आणि सेमिपालातिन्स्क या अणुचाचणीस्थळाच्या भोवती भूकंपमापक यंत्रे बसवली. परकी शास्त्रज्ञांना सोव्हिएत भूमीवर मोजमाप कधीच करू दिले जाणार नाही, हा चाचणीबंदीविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद त्या यंत्रांनी लंगडा केला. तिसरे काम वेळेआधी कागद तयार ठेवण्याचे. सोव्हिएत संघ कोसळत असताना त्याच्या अण्वस्त्रांचे काय करायचे, यावर हार्वर्डमध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन या खासगी प्रतिष्ठानाच्या मदतीने अभ्यास चालू होता. नोव्हेंबर १९९१मध्ये तो सिनेटर नन आणि लुगार यांच्यासमोर ठेवला गेला आणि डिसेंबरमध्ये त्या अण्वस्त्रांच्या विल्हेवाटीला मदत करणारा कायदा झाला, ४० कोटी डॉलरपर्यंतच्या तरतुदीसह. १९९६ संपेपर्यंत युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान अण्वस्त्रमुक्त झाले होते. अभ्यास संकट आल्यावर सुरू केला असता तर तो ग्रंथालयात गेला असता.

पुण्याला सगळ्यात जवळचे उदाहरण मात्र न्यूयॉर्कचे नाही, आयोवातल्या मस्कटीन या मिसिसिपीकाठच्या लहानशा गावाचे आहे. मॅक्सवेल स्टॅन्ली हे तिथले अभियंते. सल्लागार कंपनी आणि कार्यालयीन फर्निचरचा कारखाना असा त्यांचा व्यवसाय. १९५६मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशातून प्रतिष्ठान काढले. अनुदाने वाटण्यापेक्षा स्वतःचे कर्मचारी नेमून स्वतः काम करायचे, हा त्याचा प्रकार. अण्वस्त्रांचा वापर टाळणे आणि सामूहिक हिंसाचार रोखणे हे त्याचे विषय, आणि बैठक हे त्याचे मुख्य हत्यार. अधिकारी, मुत्सद्दी, अभ्यासक एकत्र बसतात, कोणाचे वाक्य कोणाच्या नावावर जात नाही, अहवाल लिहिणारा एकटा अहवालाला जबाबदार असतो आणि उपस्थितांकडून तो मंजूर करून घेतला जात नाही. ही शेवटची तरतूद क्षुल्लक वाटते, पण तीच कळीची. मंजुरीसाठी फिरवलेल्या अहवालातून प्रत्येक जण आपल्याला अडचणीचे वाक्य काढतो आणि उरते ते स्वागतपर भाषण.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. १८९७मध्ये तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, ते पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने. हिंदुस्थानच्या लष्करी खर्चाचा भार कोणी सोसायचा हा त्या साक्षीतला एक मोठा मुद्दा होता, आणि त्यामागचे आकडे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या एका शाळामास्तराने तयार करून दिले होते. लष्करी खर्चावर नागरिकांनी आकडे मांडून बोलावे, यासाठी पुण्याने तेव्हा कोणाची परवानगी मागितली नाही. गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था १९३०मध्ये उभी राहिली ती रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीवर. आणि ज्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे नाव करोनाकाळात घरोघरी पोहोचले, ती १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र म्हणून काढली. १९६७मध्ये रॉकफेलर बाहेर पडले आणि आयसीएमआरने सगळा भार उचलला. खासगी निधीने सुरुवात करावी, शिस्त लावावी आणि योग्य वेळी बाजूला व्हावे, याचा इतका चांगला धडा पुण्यात असताना तो दुसरीकडे शोधायचे कारण नाही.

पण आज सुरक्षेच्या विषयात परदेशी पैसा घेऊन संस्था उभी करता येईल असे कोणी समजू नये, आणि आमच्या मते करूही नये. परकीय देणगी नियमन कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि खाते दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उघडावे लागते. धोरण संशोधनात पगार हाच मुख्य खर्च असतो; त्यातला किती प्रशासकीय धरायचा यावर वाद झाला की संस्था अडकली. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परकीय देणगीचा परवाना २०२३मध्ये निलंबित झाला आणि २०२४मध्ये रद्द. अर्धशतक जुनी संस्था त्यात खिळखिळी झाली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत इथे शिरत नाही. ज्या संस्थेचा पगार एका परवान्यावर उभा आहे ती स्वतंत्र राहू शकत नाही, एवढाच मुद्दा. शिवाय संशयाला इतिहास आहे. १९७०च्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने, अमेरिकी पैशावर चाललेल्या डासनियंत्रण संशोधनावर संसदेच्या लोकलेखा समितीने जैविक युद्धाच्या अंगाने कडक प्रश्न विचारले आणि तो प्रकल्प १९७५मध्ये गुंडाळला गेला. शेजारी देशांशी असलेल्या करारांवर लिहिणाऱ्या संस्थेकडे याहून तीक्ष्ण नजरेने पाहिले जाणार. ते स्वाभाविक आहे.

मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यावर करायचा खर्च? उद्योजकांशी बोलताना हा प्रश्न पहिला येतो आणि उत्तर निराशेचे आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्यासाठी खर्च बसतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक यांतले संशोधन ठरावीक संस्थांना दिले तर बसते. युद्ध टाळण्याच्या धोरणाचा अभ्यास सरळ कुठेच बसत नाही. ‘शिक्षण’ या सदरात ओढूनताणून बसवला तरी मोठी अडचण राहतेच: २०२१च्या नियमांनंतर कोणत्याही संस्थेच्या मूळ निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च धरली जात नाही. म्हणजे सीएसआरमधून एखादी परिषद होईल, कायमचा निधी होणार नाही. पैसा द्यायचा तर तो प्रवर्तकांनी आपल्या वैयक्तिक संपत्तीतून द्यायला हवा.

किती? ५० कोटींचा मूळ निधी धरू. सात टक्क्यांनी वर्षाला साडेतीन कोटी येतात. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्च करायचा असतो, म्हणजे सुमारे २ कोटी ९७ लाख. ५२ लाखांच्या आसपास मागे राहतात. महागाई पाच टक्के धरली तर मूळ निधीची किंमत टिकवायला वर्षाला अडीच कोटी लागतील. हिशेब उघड आहे: सगळा पैसा मुदत ठेवीत घातला तर १५ वर्षांत निधीचे बळ निम्म्याच्या जवळ येईल. म्हणून काही भाग म्युच्युअल फंडाच्या वाढीच्या पर्यायात ठेवावा. थेट शेअर धर्मादाय संस्थेला सहसा घेता येत नाहीत, पण युनिट चालतात, आणि विक्रीतला भांडवली नफा पुन्हा भांडवली मत्तेत गुंतवला तर तो खर्चासारखाच धरला जातो. देणगीदाराने ‘ही रक्कम मूळ निधीसाठी’ असे लेखी दिलेच पाहिजे. ते पत्र नसेल तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि तिचाही ८५ टक्के भाग खर्चावा लागतो. आणखी एक काळजी: असे काम आयकराच्या दृष्टीने शाळा-महाविद्यालयासारखे शिक्षण ठरत नाही, ‘सार्वजनिक उपयोगिता’ या सदरात जाते, आणि तिथे व्यावसायिक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की करसवलत धोक्यात येते. मंत्रालयांकडून फी घेऊन प्रशिक्षणवर्ग चालवायचा मोह त्यामुळे आवरावा लागेल. कंपनी कायद्याच्या कलम ८ची ना-नफा कंपनी करावी की सार्वजनिक न्यास, यात आमचा कल कंपनीकडे आहे. न्यासात विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा ‘बदल अर्ज’ वादात सापडला तर सह्यांचे अधिकार वर्षानुवर्षे लोंबकळतात.

पावणेतीन-तीन कोटींत काय होते? १५ लाखांचे पाच पूर्णवेळ अभ्यासक, चार वार्षिक शिष्यवृत्त्या, चार बंद दाराआडच्या बैठका, ग्रंथ आणि माहितीसाठे, एक चांगला हिशेबनीस, एक संपादक आणि मराठीत भाषांतर. अभ्यासकांपैकी एकाला चिनी आणि एकाला उर्दू उत्तम यायला हवी. शेजाऱ्यांचे मूळ दस्तऐवज न वाचता त्यांच्या हेतूंवर लिहिणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

कामाचा एक विषय जवळून पाहू. भारत-पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार ३ ऑक्टोबर २००५ला झाला. पाच दिवसांच्या चाचणी कालावधीच्या किमान तीन दिवस आधी कळवायचे, डागण्याची जागा सीमेपासून किंवा नियंत्रण रेषेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा ७० किलोमीटरच्या आत नको. हे फक्त जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना लागू. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. २१ फेब्रुवारी २००७चा दुसरा करार अपघातांविषयी आहे, पण अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांपुरता. ९ मार्च २०२२ला भारताचे ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. जीवितहानी झाली नाही. संरक्षण मंत्रालयाचे निवेदन ११ मार्चला आले, ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. त्या क्षेपणास्त्राची घटना दोन्ही करारांच्या मधल्या फटीतून निसटली: ती चाचणी नव्हती, बॅलिस्टिक नव्हती आणि अण्वस्त्राचा अपघातही नव्हता. दोषींवर कारवाई झाल्याने ती फट बुजत नाही.

इथे अभ्यासाचे प्रश्न अगदी ठोस आहेत. लष्करी कारवाई महासंचालकांची हॉटलाइन भूदलाची आहे. हवाई दलाच्या तुकडीतली चूक तिथवर किती मिनिटांत पोहोचेल? सांगायचे काय? सुटण्याची वेळ, दिशा, अंदाजे पल्ला, स्फोटकाग्र सज्ज आहे की नाही. आणि यातले काय सांगितल्याने आपली क्षमता उघडी पडते? बोलण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याला? समोरच्याने विश्वास का ठेवावा? यासाठी रडारवर बसलेला माणूस, क्षेपणास्त्राचा आराखडा करणारा अभियंता आणि कराराची भाषा लिहिणारा मुत्सद्दी हे तिघे एका टेबलाशी लागतात. पहिले दोघे पुण्यात राहतात. तिसऱ्याला दिल्लीहून बोलावता येते.

अशा बैठकीचे तंत्र ठरलेले आहे आणि ते बिघडते कुठे हेही. माणसे पंचवीसच्या वर नकोत. चाळीस झाली की भाषणे सुरू होतात. सहा-आठ पानांचे टिपण दोन आठवडे आधी हातात हवे. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, छायाचित्रकार यांतले काही नको. ध्वनिमुद्रण नाही. दीड दिवस, आणि मधली रात्र एकाच ठिकाणी मुक्काम, कारण सेवेतला अधिकारी जे बोलतो ते बहुधा जेवणानंतर. दहा दिवसांत पाच पानांचे टिपण संबंधित सहसचिवाच्या हाती पडले पाहिजे. सहा महिन्यांनी आलेल्या देखण्या पुस्तकाला त्याच्या टेबलावर जागा नसते.

एक कायदेशीर खाच इथे विशेष महत्त्वाची आहे. २०२१मध्ये निवृत्तिवेतन नियमांत दुरुस्ती झाली. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काही प्रसिद्ध करायचे तर आधी मंजुरी लागते, आणि त्या अनुसूचीत पाषाण-दिघीच्या प्रयोगशाळा चालवणारी डीआरडीओ आहे. म्हणजे पाषाण-दिघीतून निवृत्त झालेला शास्त्रज्ञ सहलेखक होताना अडकू शकतो आणि त्याचे निवृत्तिवेतन पणाला लागते. त्याला लेखक करण्याऐवजी उघड साहित्यावर आधारलेल्या मसुद्याचा परीक्षक करावे, त्याच्याकडून जुन्या कामाची माहिती विचारूच नये आणि गरज पडली तर मंजुरीचा अर्ज संस्थेच्या वकिलाने तयार करून द्यावा. गोपनीयतेच्या कायद्याशी खेळून एकही लेख छापण्यात अर्थ नाही.

शस्त्रनिर्मितीतला पैसा घ्यायचा का, हा प्रश्न पुण्यात टाळता येणार नाही. इथल्या अनेक मोठ्या कारखान्यांना संरक्षणाची कंत्राटे आहेत. नोबेल यांची संपत्ती स्फोटकांतून आली, आणि १९१०मध्ये शांततेसाठी एक कोटी डॉलर देणाऱ्या कार्नेगींच्या कारखान्यांनी अमेरिकी नौदलाला चिलखती पोलाद विकले होते. पैशाचे मूळ शोधत बसलो तर एकही निधी उभा राहणार नाही. ताबा कोणाचा हे मात्र काटेकोरपणे बघावे. कोणाही एका दात्याचा वाटा मूळ निधीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. संरक्षण कंत्राट असलेल्या दात्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला संचालक मंडळावर जागा नको. दात्यांची यादी रकमांसह दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. आणि ज्या शस्त्रप्रणालीच्या खरेदीत दात्याचा हितसंबंध आहे, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध संस्थेने लिहू नये. हा संकोच थोडा जाचेल, पण विश्वास एकदा गेला की अभ्यास वाया जातो.

दात्यांची संख्या मोठी असावी याला आणखी एक कारण आहे. शिकागोच्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०२१मध्ये अण्वस्त्रविषयक अनुदाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ठरवलेले उद्दिष्ट गाठण्याची वाट आता दिसत नाही, असे मूल्यमापनात निघाले होते. त्या विषयावरच्या जगभरच्या खासगी निधीतला निम्म्याच्या आसपास वाटा या एकाच प्रतिष्ठानाचा होता. युक्रेनवर आक्रमण झाले आणि अण्वस्त्रांच्या धमक्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या, त्याच सुमाराला अभ्यासकांच्या नोकऱ्या जात होत्या. आम्हाला तो निर्णय चुकीचा वाटतो. युद्ध न होणे हे मोजता येत नाही, म्हणून दर तीन वर्षांनी ‘परिणाम दाखवा’ असे विचारणारा दाता या कामाला योग्य नाही.

सुरक्षा हा सरकारचा विषय आहे, हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच अपुरा आहे. केंद्राचा २०२५-२६चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता. त्यातल्या प्रत्येक खात्याला आपल्या कामापुरते बघायला लागते आणि आपल्याच वरिष्ठाच्या गृहीतकावर प्रश्नचिन्ह लावणारे टिपण खात्यातून वर जाणे अवघड असते. बाहेरचा अभ्यासक ते लिहू शकतो. स्वीकारायचे की नाही हे सरकारनेच ठरवायचे.

पुण्याने दुसरा विषय घ्यायचा तर तो जैविक सुरक्षेचा असावा. जैविक शस्त्रबंदी करार २६ मार्च १९७५पासून लागू आहे, पण त्याला तपासणीची यंत्रणाच नाही; ती आणण्याच्या वाटाघाटी २००१मध्ये फिसकटल्या आणि जिनिव्हातील त्याचे सचिवालय मूठभर माणसांचे आहे. उच्चतम सुरक्षेची विषाणू प्रयोगशाळा, मोठे लसउत्पादन आणि लष्करी वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात असल्याने तपासणी कशी केली तर व्यावसायिक गुपिते फुटणार नाहीत, हे इथे खऱ्या कारखान्याच्या आराखड्यावर तपासता येईल. तसे काम करणारी भारतीय संस्था जिनिव्हाला कोरा कागद घेऊन जाणार नाही.

पाच कोटी देणारे दहा जण लागतात. त्यांनी मूळ निधीची पत्रे सही करून द्यावीत, संचालक नेमण्याची समिती स्वतःच्या वर्तुळाबाहेरची ठेवावी, आणि पहिले १८ महिने संस्थेकडून एकही प्रसिद्ध अहवाल मागू नये. तेवढा वेळ भाषा येणारी माणसे शोधण्यात आणि अपघाती क्षेपणास्त्राच्या सूचनेचा पहिला मसुदा तयार करण्यातच जाईल.